डिकीतला नारळ

फाल्गुनाच्या अखेरीस आमच्या मुलीने आपली छोटी तांबडी मोटार बेंबळीतल्या आमच्या अंगणात आणून उभी केली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ती पुण्याजवळच्या एका कारखान्यात अभियंता आहे. कामासाठी तिला पाच महिने परदेशी जायचे होते; श्रावण सरता सरता ती परतणार आणि गाडी घेऊन जाणार, असे ठरले होते. तोवर मी एवढेच करायचे होते की आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून पाव तास चालू ठेवायचे, म्हणजे बॅटरी उतरणार नाही.

मी अडुसष्ट वर्षांचा, माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला गृहस्थ. लहानपणी पाठशाळेत जे कंठस्थ केले, त्यावरच आयुष्य चालले. सायकलीखेरीज दुसरे वाहन माझ्या हाताने कधी हलले नव्हते. घरी एक अबोल पाहुणा उतरला आहे, एवढ्याच भावनेने मी त्या गाडीकडे पाहिले.

पाहुणा मात्र चारचौघांत उठून दिसणारा होता. बुटका, रुंद खांद्यांचा, चारही चाके अगदी कोपऱ्यांत ताणून बसवलेला, मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या. आमच्याकडे गाडी म्हणजे दहा माणसे आणि दोन पोती पोटात घेणारी उंच जीप. ही जमिनीलगत बसलेली वस्तू पाहायला गल्ली लोटली.

"गुरुजी, लेकीनं खेळणं आणून ठिवलंय का?" शेजारच्या किराणा दुकानदाराने विचारले. "पाऊस आला तर उचलून घरात घ्या बरं का."

मुलगी हसली. निघण्यापूर्वी तिने मला गाडीपुढे उकिडवे बसवले आणि खालचे भाग बोटाने दाखवले.

"अण्णा, ही दिसायला लहान आहे, पण अंगानं तालमीतली आहे. वजन कमी, म्हणून वळायला चपळ. इंजिनात सिलिंडर तीनच. पण जळून बाहेर पडणारा वायू जाता जाता एक छोटा पंखा फिरवतो, आणि त्या पंख्याच्या जोरावर बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरली जाते. टाकून दिलेल्यातून ताकद काढलीये."

हे मला फार आवडले. यज्ञात जे शेष उरते त्यालाही आदराने हात लावावा, अशा संस्कारात मी वाढलो. ज्याचे कार्य संपले असे आपण समजतो, तेच परतून कार्याला बळ देते, ही कल्पना लोखंडात कोणी उतरवली असेल असे मला कधी वाटले नव्हते.

"आणि ही आडवी सळई बघा. डाव्या-उजव्या चाकांना जोडलेली. वळणावर गाडी एका अंगावर कलायला लागली की ही पिळली जाते आणि कलणं रोखते. इथं ती जाड आहे, शॉकअपही कडक आहेत. खड्डा लागला तर कळतो, पण एकदाच. मग ही डोलत बसत नाही. वळणात झुकत नाही."

झुकत नाही. हे दोन शब्द मी मनात बाजूला ठेवले. त्याचे कारण माझी पत्नी होती.

मुलीच्या जन्मानंतर पत्नीने रामलिंगाला बोलून ठेवले होते की प्रत्येक श्रावणी सोमवारी स्वहस्ते एकशे आठ बिल्वपत्रे वाहीन. येडशीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, झाडीत दडलेले ते शिवस्थान. बेंबळीहून धाराशिव, तिथून येडशी आणि मग खाली उतरणारा घाट. तिला गाडी लागते. साधी नव्हे, भयंकर लागते. सपाट रस्त्यावर ती दात आवळून बसे. घाटाचे पहिले वळण आले की संपले. तरी ती अनेक वर्षे आली, उपाशी पोटी, तोंडात लवंग धरून. मुलगी दहावीत असताना मात्र जीपमध्ये उलट्या होता होता तिची शुद्ध हरपली. कानातल्या तोलाचा दोष आहे, असे वैद्यांनी सांगितले आणि घाट बंद केला.

तेव्हापासून अठरा श्रावण मी एकटा जात होतो. सोमवारी पहाटे ती परसातल्या बेलाची पाने निवडी, मोजी, ओल्या पंच्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवी. पाने तिची, हात माझे. गेल्या श्रावणात पाने बांधता बांधता ती सहज म्हणाली, "आता देवाला माझा हात ओळखू पण येणार नाही." पण ते वाक्य माझ्या अभिषेकाच्या पठणात मधेच उभे राहू लागले.

म्हणून पाडव्याला मी गाडीची यथासांग पूजा केली. बोनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबे, पुढे झेंडूची माळ. आमच्या घरी एक रीत आहे: वाहनाच्या पूजेचा नारळ त्या दिवशी फोडायचा नाही. तो वाहनातच ठेवायचा आणि वाहनाची पहिली यात्रा घडेल तेव्हा देवापुढे फोडायचा. मी नारळाला हळदकुंकू लावले आणि पत्नीला म्हणालो, "हा रामलिंगाला फुटेल. तुझ्या हातानं."

"आणि गाडी कोण चालवणार? देव?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिले, झेंडूच्या माळेकडे पाहिले आणि पुरणाला वेळ होतोय म्हणून आत गेली.

गुरू मी मनाशी निश्चित केला होता. माझी शाळा दुसऱ्या गावी होती. वीस वर्षे मी ज्या एसटीने जात असे, तिचे चालक आमच्याच गावचे, बौद्ध वस्तीत राहणारे. त्यांच्या मागच्या आसनावर बसून मी मनातल्या मनात पाठ म्हणत असे आणि माझा स्वर कधी हिसक्याने तुटला नाही. आता तेही निवृत्त होऊन घरी होते. मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतो.

"तुमी?" ते म्हणाले. "गुरुजी, रागावू नका, पण तुमी सायकलवरनं उतरताना आधी स्टँडच्या भिंतीला हात लावायचाव. म्या बघितलंय."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो."

त्यांनी चष्मा पुसला. "कच्चं लायसन काढा. मग बघू."

धाराशिवला जाऊन मी शिकाऊ परवाना काढला, गाडीला पुढेमागे तांबड्या अक्षराची पाटी लावली, आणि चैत्रात रोज सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांनी स्वतः चालवून पाहिली. तीन-चार वळणे घेतली आणि थांबवून स्टिअरिंगकडे पाहत बसले.

"जन्मभर एसटीचा बैल वळवला गुरुजी," ते म्हणाले. "अर्धा रस्ता आधीच हात फिरवाय लागायचा, तवा कुठं तोंड वळायचं. ही तर नुसतं मनात आणलं की वळाय लागली. लई गुणाची हाय. पर तुमच्या हातात देताना भ्याव वाटतंय."

भय खरे ठरायला आठ दिवसही लागले नाहीत, आणि चूक गाडीची नव्हती. पूजेचा नारळ कुठे ठेवावा, याचा मी विचार केला होता. डिकीत ठेवणे मला अनादराचे वाटले. सामानाच्या जागी देवाची वस्तू कशी ठेवावी? म्हणून तांबड्या वस्त्राची चुंबळ करून तो मी माझ्याच आसनाच्या पुढच्या काठाखाली, पोटऱ्यांमागच्या पोकळीत बसवला होता. चालवणाऱ्याच्या अगदी जवळ तो असावा, असा माझा भाव.

त्या सकाळी वळणापलीकडे शेळ्यांचा कळप रस्त्यात आला. मी ब्रेकवर पाय दिला. गाडीचा वेग किंचित उणावला, नारळ चुंबळीतून सुटला, पुढे आला आणि ब्रेकच्या पट्टीखाली जाऊन बसला. मी पुन्हा पाय दिला. पट्टी अर्ध्यावर अडली. माझ्या पायाखाली काहीतरी टणक, गोल, न हटणारे होते आणि समोर शेळ्या होत्या. ड्रायव्हरसाहेबांनी डाव्या हाताने हँडब्रेक ओढला, उजव्याने स्टिअरिंग आपल्याकडे घेतले, आणि आम्ही रस्ता सोडून नांगरलेल्या रानात उतरलो. ढेकळांवर गाडीचे पोट टेकले आणि ती थांबली. एकाही शेळीला स्पर्श झाला नाही.

शेळ्यांमागची बाई कमरेवर हात ठेवून बांधावर आली. "गुरुजी, रान पेराय घेतलाव व्हय? बी कुठाय?"

ड्रायव्हरसाहेबांनी वाकून माझ्या पायांतून नारळ काढला आणि तिला दाखवला. "हे बघा बी."

ती गेल्यावर त्यांनी नारळावरची धूळ पुसली. मग नारळ मांडीवर ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या देवाला म्या कवा बोललो न्हाय, आज बी बोलत न्हाय. देव गाडीत असू द्या. ब्रेकखाली नको."

माझी मान खाली गेली. श्रद्धेची वस्तू योग्य स्थानी ठेवणे हाही श्रद्धेचाच भाग आहे, हे मी शाळेत इतकी वर्षे शिकवले आणि स्वतःच्या पायाखाली विसरलो. नारळ डिकीत गेला. गाडी ढकलायला चार माणसे आली, आणि संध्याकाळपर्यंत ही हकीकत पत्नीच्या कानी गेली.

ती रागावली नाही. "बघा," एवढेच म्हणाली. "मी म्हटलं होतं का जायचं म्हणून?" या वाक्याने मी अधिक हट्टी झालो.

वैशाखात माझा हात बसू लागला, पण गाडी आणि मी यांचे जुळत नव्हते. आवाज वाढला की मला अपराध्यासारखे वाटे. यंत्राला कष्ट पडतात, त्याच्याकडून मोठ्याने बोलवून घेऊ नये, या दयाबुद्धीने मी लवकर लवकर वरचा गिअर टाकी. गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू जाई, थरथरे, आचके देई. ज्येष्ठाच्या आरंभी मी पत्नीला आग्रहाने शेजारी बसवून धाराशिवच्या वाटेला लागलो. एसटीसुद्धा जिथे सहज जाते अशा सरळ रस्त्यावर तिने हाताने थांबण्याची खूण केली. मी तिला पाणी दिले. रस्त्याच्या कडेला बसून ती म्हणाली, "सारखी पुढंमागं, पुढंमागं. पाळण्यात घालून कोणी भांडतंय असं वाटतं." आम्ही परत आलो. तिने साडीचा पदर धुतला आणि मला म्हणाली, "आता पुन्हा म्हणू नका."

ड्रायव्हरसाहेबांना मी खाली मान घालून सांगितले. ते म्हणाले, "चला, दावा बघू कसं चालवलं." दोन मैलांत त्यांना कळले.

"गुरुजी, तुमी तिला दाबून ठिवताव. झोपंत चालवल्यासारखी चालवताव. ही झोपंत चालणारी न्हाय. त्यो पंखा हाय न्हवं तुमच्या लेकीनं सांगितलेला? त्यो फिराय लागल्याबिगर हिला दम येत न्हाय. काटा दोनाच्या खाली आला की ती पेंगती. मग तुमी पाय दाबताव, ती दचकून उठती, आन् हिसका. वैनीच्या पोटाला त्यो हिसका कळतो. तिसऱ्यात ठिवा. वरडू द्या की जरा. तिला आवडतंय."

मी तिसऱ्यात ठेवली. काटा दोन हजारांच्या वर गेला, आणि पुढे जे घडले ते मी अनेकदा आठवतो. थरथर थांबली. तीन सिलिंडरांचा तो खरखरीत, विषम वाटणारा आवाज एकाएकी जुळून आला, जसा सकाळचा घसा चार ओळींनंतर मोकळा होतो. आठ-आठ अक्षरांच्या तीन चरणांचा छंद मी पन्नास वर्षे म्हणत आलो आहे. चौथा चरण नाही म्हणून तो अपुरा वाटत नाही. हे यंत्रही तसेच होते. तीन पावलांतच त्याची पूर्णता होती, फक्त त्याला त्याच्या लयीत म्हणू द्यायला हवे होते. पायाखाली शक्ती अशी एकसारखी, अखंड येऊ लागली की मी पाय किती दाबतो आहे हे मला विसरायला झाले.

मग दुसरा धडा. जुन्या एसटीला खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून मधे रेस द्यावी लागे. नाही तर गिअरचे दात ओरडत. नव्या गाडीला त्याची गरज नाही, पण ड्रायव्हरसाहेबांनी मला त्याचे अर्धे शिकवले: उतारावर खालचा गिअर घेताना, क्लच सोडण्यापूर्वी, उजव्या पायाने अगदी चिमूटभर रेस द्यायची. इंजिन तेवढ्यात खालच्या गिअरच्या वेगाला पोचते आणि क्लच सुटला की सांधा कळतही नाही. पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, श्वास संपल्यावर घेऊ नका, संपण्यापूर्वी घ्या. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. साठ वर्षांनी मला तोच उपदेश एका मोटारीत पुन्हा मिळाला, आणि तो देणाऱ्याने ते शास्त्र घाटातल्या वळणांवर स्वतः कमावलेले होते.

"पर कळणार कसं, जमलं का न्हाय?" ते एकदा म्हणाले आणि त्यांचे लक्ष डिकीकडे गेले. त्यांनी डिकीतले जाजम काढून घेतले, आतल्या सगळ्या वस्तू घरात ठेवायला लावल्या आणि नारळ मोकळ्या तळावर नुसता ठेवला. "आता ह्योच सांगंल. ब्रेक हापटला तर पुढं वाजंल, हात झटकला तर बाजूला वाजंल. म्या काय बोलणार न्हाय."

अशा लहान गाडीत डिकी आणि बसायची जागा एकाच छताखाली असते. मागे टाचणी पडली तरी पुढे ऐकू येते. पहिल्या दिवशी नारळ इतका आपटला की मला देवाची क्षमा मागावीशी वाटली. मी वळणात शिरल्यावर ब्रेक लावी, मग स्टिअरिंग थोडे थोडे तीनदा फिरवी. नारळ प्रत्येक चूक मोठ्याने वाचून दाखवी. हळूहळू मला कळले की वळणाचे सारे काम वळणापूर्वी करायचे असते. सरळ रस्त्यावर असतानाच वेग उतरवायचा, पाय ब्रेकवरून झटक्याने नव्हे तर निरोप घेतल्यासारखा उचलायचा, मग हात एकदाच वळवायचा, आणि वळणभर पाय इंजिनावर हलका ठेवायचा. तसे केले की गाडी एका अंगावर बसते आणि बसूनच राहते. जिपा वळणातून सुटल्यावरही दोनदा डोलतात. ही सुटली की सरळ. ती आडवी सळई, ते कडक शॉकअप, ते कोपऱ्यांतले पाय यांचा अर्थ मला अंगणात नव्हे, तिथे समजला. यंत्राची रचना करणाऱ्याने चालवणाऱ्यावर एक विश्वास टाकलेला असतो. माझ्याकडून तो पाळला जाऊ लागला.

नारळाचा आवाजही बदलत गेला. चैत्रात त्यात पाणी हलायचे. उन्हाळ्याने ते आटले. आषाढात आत काहीतरी सुटून खुळखुळू लागले.

आषाढातच मी पक्क्या परवान्याची परीक्षा दिली. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझे वय कागदावर पाहिले, मग गाडी पाहिली, मग पुन्हा कागद पाहिला. आठ पूर्ण झाल्यावर ते म्हणाले, "आजोबा, पुन्हा एकदा दाखवा." मला वाटले काही चुकले. ते म्हणाले, "नाही हो, या पोरांना बघू द्या."

पौर्णिमेला मी श्रीफळ आणि उपरणे घेऊन ड्रायव्हरसाहेबांच्या घरी गेलो. ते पांढऱ्या सदऱ्यात विहाराकडे निघाले होते. त्यांच्याकडे त्या दिवशी वर्षावास सुरू होतो.

"गुरुजी, ह्ये काय? म्या तुमच्या पाया पडायचं का तुमी माज्या?"

"आज गुरूचा दिवस आहे. माझे हयात असलेले गुरू तुम्ही एकटेच."

त्यांनी विहाराकडे निघालेला पाय मागे घेतला. मग उपरणे खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "उपरणं घेतो. नारळ तुमच्याजवळच असू द्या. तुमचं नारळाचं लक्षण मला ठाव हाय."

त्यांच्या पत्नी आतून हसल्या. निघताना ड्रायव्हरसाहेबांनी मला रस्त्यावर थांबवले. "चार दिस झाले, नारळ वाजला न्हाय. आता वैनीला न्या. म्या येणार न्हाय. मास्तर शेजारी बसला तर ती परीक्षा कसली?"

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी पहाटे पाने मोजताना मी पत्नीला म्हणालो, "येडशीपर्यंत चल. घाट दिसला की तू म्हणशील तिथून परत फिरेन." तिने एकशे आठ पाने पूर्ण मोजली, पंचा बांधला, आणि या वेळी तो माझ्या पिशवीत न ठेवता स्वतःच्या मांडीवर घेतला. देवापुढे दिवा लावून ती गाडीत येऊन बसली. तोंडात लवंग होती.

धाराशिवपर्यंत ती डोळे मिटून होती. शहर मागे पडल्यावर तिने विचारले, "मागं डिकीत काय आहे?"

"नारळ. पाडव्याचा."

"मोकळाच?"

"मी चुकलो की तो वाजतो."

तिने डोळे उघडले. मग लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली आणि ती कान देऊन बसली. येडशीला मी गाडी कडेला घेतली. पुढे डोंगराची हिरवी कड दिसत होती. "काय करू?" मी विचारले.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "अजून वाजला नाही."

घाट सुरू झाला. अठरा वर्षे मी ही वळणे जीपच्या मागच्या बाकावरून मोजली होती. पहिले वळण: सरळीवर वेग उतरवला, चिमूटभर रेस, तिसऱ्यातून दुसरा, पाय निरोप घेतल्यासारखा उचलला, हात एकदाच. गाडी आपल्या चारही पायांवर सपाट राहून वळली. मागे शांतता. दुसरे वळण, तिसरे. इंजिन खालच्या स्वरात, पण जागे होते. मी त्याला दाबले नाही. ओल्या रस्त्यावर रुंद टायर असे धरून होते की दगडी पायऱ्यांवर अनवाणी चालल्याचा भरवसा वाटावा. मला माझा आवाज ऐकू आला. मी नकळत पाठ म्हणत होतो, आणि माझे श्वास वळणांच्या आधी पडत होते. शेजारी तिचे ओठही हलत होते.

एका वळणानंतर कठड्यावरून एक माकड मधोमध उतरले आणि बसले. मला ब्रेक जोरात लावावा लागला. मागे ठक्कन आवाज झाला. मी तिच्याकडे पाहण्याचे धैर्य गोळा करत होतो, तोच ती म्हणाली, "तो तुमचा नव्हे. माकडाचा."

तिच्या आवाजात लवंग नव्हती. ती केव्हाच चावून संपली होती.

मंदिराकडच्या पायऱ्या ती कठड्याला धरून, एकेक करत, पण स्वतःच्या पायांनी उतरली. चेहरा धुतल्यासारखा होता. पिवळेपणा नाही, घाम नाही. पावसाने ओढा वाहत होता. गाभाऱ्यात ती पिंडीपुढे बसली आणि पंच्याची गाठ सोडली. मी अभिषेकाचे पठण सुरू केले. अठरा वर्षांत प्रथमच माझे हात रिकामे होते आणि मला त्यांचे काय करावे हे सुचत नव्हते. ती एकेक पान पालथे करून, देठ आपल्याकडे ठेवून वाहत होती, आणि मोजत नव्हती. पाने घरी मोजलेली होती. माझा स्वर एका ठिकाणी अडला. तिने मान न वळवता पुढचा शब्द सांगितला. इतकी वर्षे घरात ऐकून तिला सगळे पाठ होते, हे मला त्या दिवशी समजले.

नारळ तिनेच फोडला. पाणी आले नाही. कवटी दुभंगली आणि आतून सुक्या खोबऱ्याचा अखंड, गोल गोटा तिच्या ओंजळीत उतरला. एवढे आपटून त्याला एक चीरही गेली नव्हती. शेजारच्या बायका पाहायला जमल्या. "कुठला नारळ हो?" एकीने विचारले. पत्नी म्हणाली, "गाडीत शिकलेला."

परतीच्या घाटात, चढावर, मी जे पाहिले ते कोणाला सांगितले तर त्याचे महत्त्व कळेलच असे नाही. तिने पायांशी ठेवलेली पिशवी उघडली, साबुदाण्याचा डबा काढला आणि चालत्या गाडीत, वळणावर, खायला सुरुवात केली. प्रवासात जिने पाण्याचा घोट घेतला नव्हता ती शेंगदाणे निवडून खात होती. मी आनंदाने वेग कमी केला. तिने चमचा थांबवला.

"वळण आलं की उगीच दबकता कशाला? चांगली जाते आहे ती."

संध्याकाळी आम्ही दोघे ड्रायव्हरसाहेबांच्या दारी गेलो. ते ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि मला नव्हे, तिला विचारले, "वैनी, किती येळा?"

"एकदा. माकड आडवं आलं."

"मग त्यो धरायचा न्हाय." पत्नीने पुढे केलेल्या खोबऱ्याकडे त्यांनी पाहिले. "प्रसाद म्हणून न्हाय, खोबरं म्हणून द्या."

"खोबरंच आहे," ती म्हणाली. "देवाचा वाटा तिकडंच ठेवून आले."

त्यांनी मोठा तुकडा घेतला, चावला आणि बराच वेळ चावत राहिले. "गोड हाय," ते म्हणाले. "लई मार खाल्लेला, म्हणून."

त्या श्रावणातला एकही सोमवार चुकला नाही. शेवटच्या सोमवारी मुलगी परतली होती. आपली गाडी, आपणच चालवणार, असे म्हणून ती पुढे बसली. पत्नी तिच्या शेजारी, मी मागे. मुलगी यंत्रशास्त्र जाणते, हात चपळ आहे, पण तरुण माणसाप्रमाणे तिला वळण संपण्याची घाई असते. घाटात दुसऱ्याच वळणावर माझ्या पाठीमागे ठक्कन आवाज झाला. तिसऱ्यावर दोनदा.

"मागं काय आपटतंय?" तिने विचारले.

"तू," तिची आई म्हणाली.

मुलीला काही कळेना. पुढच्या रुंद जागेवर तिने गाडी थांबवली, डिकी उघडली आणि हळदकुंकू लावलेला नवा नारळ हातात घेऊन उभी राहिली. आईने तिला पाडव्यापासूनची सगळी हकीकत तिथेच, रस्त्याच्या कडेला, एका दमात सांगितली. शेळ्या, चिमूटभर रेस, माकड, काहीही वगळले नाही. मुलीने ऐकून घेतले. नारळ परत डिकीत, मोकळ्या तळावर, दोन्ही हातांनी ठेवला. मग तिने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, फाल्गुनात ठेवली होती तशीच, आणि मागच्या आसनावर जाऊन बसली.

"चला अण्णा," ती म्हणाली. "मला ऐकू द्या."